चित्रं काढणारा, कीर्तन करणारा, नमस्कार घालणारा अन् शेवटी राज्यच रयतेला देऊन टाकणारा औंधचा राजा

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात औंध नावाचं गाव आहे. यमाईच्या डोंगराच्या कुशीत वसलेलं. वरती मूळपीठ, खाली गाव, गावात राजवाडा आणि वाड्याजवळ देवीचं दुसरं देऊळ. पौषात यात्रा भरते तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. दर्शन घेऊन, नारळ फोडून, भेंडबत्तासे घेऊन लोक घरी जातात. पण डोंगराच्या निम्म्या वाटेवर एक इमारत आहे, तिच्याकडं फार थोड्यांचं लक्ष जातं. ते आहे श्री भवानी वस्तुसंग्रहालय. जगातल्या मोठ्या कलाकारांच्या वस्तू या आडगावात कशा आल्या, हे समजून घ्यायचं तर एका माणसाची गोष्ट माहीत पाहिजे. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोकांच्या तोंडी नाव बाळासाहेब.

राजे तर पुष्कळ होऊन गेले. कुणी शिकारी केल्या, कुणी मोटारी जमवल्या. बाळासाहेबांचे शौक वेगळे होते. ते चित्र काढायचे, कीर्तनाला उभे राहायचे, पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायचे, लेण्यांमधून हिंडायचे, पुस्तकं लिहायचे. आणि वयाच्या सत्तरीत त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या काळी राजेलोकांना वेडेपणा वाटली. त्यांनी आपलं राज्य रयतेच्या हातात दिलं.

गादीची वाट न बघता

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. घराणं मोठं. छत्रपती राजाराम महाराजांच्या पडत्या काळात किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांनी पराक्रम केला, त्यातून प्रतिनिधीपद आलं, आणि पुढं औंधचं संस्थान उभं राहिलं. पण बाळासाहेब काही थोरले नव्हते. गादी आपल्याकडं येईल अशी त्यांची स्थिती नव्हती. म्हणून त्यांनी शिक्षण घेतलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. संस्थानिकांच्या घरात त्या काळी पदवीधर शोधून सापडायचे नाहीत.

शिकून आल्यावर ते वडिलांच्या हाताखाली संस्थानचं काम बघू लागले. कागद, दफ्तर, तक्रारी, शेतसारा, सगळं हाताखालून गेलं. १९०१ मध्ये वडील गेले. गादी थोरल्या भावाकडं गेली, नंतर पुतण्याकडं. पुढं इंग्रज सरकारनं पुतण्याला दूर केलं आणि १९०९ च्या नोव्हेंबरात गादी बाळासाहेबांकडं आली. तेव्हा त्यांचं वय होतं एकेचाळीस. अर्धं आयुष्य राजा नसताना गेलं होतं. त्यामुळं हाताला लागलेल्या सवयी राजाच्या नव्हत्या, कलावंताच्या आणि कामकऱ्या माणसाच्या होत्या.

संस्थान तरी केवढं? पाचशे चौरस मैलांच्या आसपास. सत्तरेक गावं. तीही एका जागी नाहीत. औंध इथं, आटपाडी तिकडं माणदेशात, कुंडल कृष्णाकाठाकडं आणि गुणदाळ तर थेट आता कर्नाटकात असलेल्या भागात. मुलूख बहुतेक दुष्काळी. पाऊस आला तर ज्वारी-बाजरी, नाही आला तर लोक जनावरं घेऊन बाहेर. अशा राज्याचा राजा श्रीमंत असणार तरी किती?

हातात कुंचला

चित्रकला हा बाळासाहेबांचा पहिला नाद. नुसती विकत घेऊन भिंतीला टांगायची हौस नव्हती, स्वतः बसून रंगवायचे. रामायणातले प्रसंग त्यांनी एकामागून एक काढले आणि १९१६ मध्ये त्याचं चित्ररामायण छापून काढलं. शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंगही रंगवले. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र तरी कळेल, असा त्यांचा हिशेब असे. त्या काळात गावातली बहुतेक माणसं निरक्षर होती, हे ध्यानात घेतलं की चित्रांच्या मागं ते एवढे का लागले हे उमगतं.

आपण किती मोठे चित्रकार आहोत याचा त्यांना भ्रम नव्हता. म्हणून चांगले चित्रकार, मूर्तिकार दिसले की त्यांना जवळ करायचे, काम द्यायचे. राजा रविवर्मा, धुरंधर, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर अशांची कामं औंधच्या संग्रहात आली. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकारच. पुढं ते वेदांच्या अभ्यासाकडं वळले आणि औंधला येऊन राहिले. त्यांचं स्वाध्याय मंडळ, त्यांचा छापखाना, वेदांची त्यांनी काढलेली पुस्तकं, हा सगळा पसारा तीसेक वर्षं औंधसारख्या गावातून चालला. टपालानं औंधचं नाव देशभर जायचं.

लेण्यांचं वेड तर विचारूच नका. अजिंठ्याला आणि वेरूळला ते स्वतः गेले, चित्रकारांना घेऊन गेले, तिथल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये त्यांनी पुस्तकं लिहिली. एक राजा अंधाऱ्या लेण्यात उभा राहून भिंतीवरची रेघ न् रेघ न्याहाळतोय, हे दृश्य त्या काळात नवलाचंच होतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची शुद्ध प्रत तयार करायचं काम हाती घेतलं, त्यामागंही बाळासाहेबांचा हात आहे. देशभरातल्या जुन्या पोथ्या गोळा करायच्या, ओळ न् ओळ पडताळून बघायची आणि मूळ पाठ ठरवायचा, असं ते काम. १९१८ मध्ये त्यांनी त्यासाठी एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. त्या काळचे लाख रुपये, आणि तेही दुष्काळी संस्थानातून. या आवृत्तीसाठी त्यांनी चित्रंही काढली. काम पुरं व्हायला १९६६ साल उजाडलं. तोवर पैसे देणारा जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

राजा कीर्तनाला उभा

दुसरा नाद कीर्तनाचा. आपल्याकडं कीर्तन ऐकायला राजे बसलेले लोकांनी पाहिले होते. पण औंधला राजाच कीर्तनकार. देवापुढं उभं राहायचं, पूर्वरंग लावायचा, मग आख्यान सांगायचं. हातात सत्ता असलेल्या माणसाला हुकूम सोडायची सवय असते. कीर्तनात हुकूम चालत नाही. ऐकणारा कंटाळला तर तो उठून जातो, नाहीतर पेंगतो. लोकांना धरून ठेवायचं तर बोलणं साधं लागतं, गोष्ट रंगवून सांगावी लागते. रयतेशी बोलायची ही तालीम बाळासाहेबांना पुढच्या आयुष्यात फार कामाला आली.

गाण्याचीही त्यांना जाण होती. ग्वाल्हेर परंपरेतले गवई अंतूबुवा जोशी औंधच्या आश्रयाला होते. त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणासाठी १९४० मध्ये औंधला गाण्याचा उत्सव सुरू केला. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो चालवला. मोठमोठे गवई या गावात येऊन गायले. आजही औंधचा संगीत महोत्सव ऐकायला लांबून माणसं येतात. बघा, एका गावात एकाच वेळी वेदांचा छापखाना, चित्रांची खोली आणि गवयाची बैठक.

साहित्यातही मान मिळाला. १९३५ मध्ये इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष बाळासाहेब होते. गंमत म्हणजे या छोट्या संस्थानच्या मातीतून पुढं आणखी तीन संमेलनाध्यक्ष निघाले. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात. माडगूळकर बंधू माडगुळ्याचे, खरात आटपाडीचे. गदिमा तर औंधच्या शाळेत गरिबीत शिकले. पाण्याला महाग असलेल्या मुलखात अक्षरांचं पीक मात्र असं आलं.

सूर्यनमस्काराचं वेड

आज शाळेत रथसप्तमीला पोरं ओळीनं उभी राहून सूर्यनमस्कार घालतात. योगाच्या वर्गात तर जगभर घालतात. सूर्यनमस्कार पूर्वापार आपल्याकडं होतेच. समर्थांच्या परंपरेत, आखाड्यात, घरोघरी देवापुढं घातले जायचे. पण त्यांना एका ठरावीक रीतीत बसवून शाळेपर्यंत आणि पुढं परदेशापर्यंत नेण्यात बाळासाहेबांचा वाटा फार मोठा आहे.

तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपातल्या नामांकित पहिलवानाची व्यायामपद्धत केली होती. साधनं लागायची, स्नायू फुगायचे. पुढं त्यांनी ते सोडलं आणि सूर्यनमस्कार धरले. त्यांना त्यातली सोय पटली. साधन नको, पैसा नको, जागा एका सतरंजीएवढी. राजवाड्यातला माणूस घालू शकतो आणि झोपडीतलाही. घरात राणीसाहेब आणि मुलंबाळंही रोज नमस्कार घालायची. बाईमाणसानं व्यायाम करायचा, हीच त्या वेळी नवी गोष्ट होती.

त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, चित्रं आणि तक्ते काढले, शाळांतून व्याख्यानं दिली, स्वतः घालून दाखवले. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. थंडीच्या दिवसात पहाटे सगळ्याच पोरांना ते गोड लागत असेल असं नाही. पण राजा स्वतः रोज घालतो म्हटल्यावर कुरकुर तरी कशी करायची?

१९३६ मध्ये बाळासाहेब युरोपला गेले. लंडनमध्ये लुईस मॉर्गन नावाच्या बाई पत्रकार होत्या. साठी उलटलेला हा राजा एवढा ताठ आणि तजेलदार कसा, याचं त्यांना कुतूहल वाटलं. त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं. त्यातून १९३८ मध्ये सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. औंधच्या अंगणातला व्यायाम असा सातासमुद्रापार गेला.

माळरानावरचा कारखाना

बाळासाहेबांची आणखी एक ओढ होती. धडपडणाऱ्या माणसाला पाठबळ देण्याची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावात कारखाना होता. लोखंडी नांगर करायचे. तिथली जागा सोडायची वेळ आली. कुठं जावं, हा प्रश्न. बाळासाहेब त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडल स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि दहा हजार रुपये उसने दिले. जागा म्हणजे निवडुंगानं भरलेलं माळरान, साप-विंचवांचं घर. १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला आणि वसाहत वसली. तीच किर्लोस्करवाडी. तिथले नांगर, मोटा आणि पुढं पंप महाराष्ट्रातल्या किती शेतांत गेले याची गणती नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यालाही संस्थानचा आधार मिळाला. ज्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात दोन पिढ्यांनी अभ्यास केला, तो तिथलाच.

मग आला खरा प्रश्न

पण इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चित्रं, मूर्ती, पुस्तकं, देणग्या, हा सगळा पैसा येणार कुठून? शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच. राजा कितीही भला असला तरी तिजोरीची किल्ली एकाच माणसाकडं. तो भला आहे तोवर ठीक. उद्या त्याच्या जागी दुसरा आला तर? औंधच्या गादीवर थोड्या वर्षांत काय काय घडलं होतं, ते बाळासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. भोवताली स्वातंत्र्याची चळवळ चालली होती. संस्थानांतली प्रजाही हक्क मागू लागली होती. बाकीचे बरेच राजे या मागणीला घाबरून होते. कुणी लाठ्या चालवत होते, कुणी तुरुंग भरत होते.

औंधला वेगळं घडलं. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परत आले होते. त्यांची ओळख मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनिअरशी झाली. हा गोरा माणूस बंगळुरात विजेच्या कारखान्यात कामाला होता, पण मन रमलं होतं खादीत, चरख्यात आणि अध्यात्मात. (याच फ्रिडमननी पुढं मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली.) फ्रिडमन औंधला आले आणि त्यांनी बाळासाहेबांपुढं सरळ विषय काढला. राज्य लोकांना देऊन टाका.

दुसरा राजा असता तर त्याला बाहेर काढला असता. बाळासाहेब कबूल झाले. आप्पासाहेब आणि फ्रिडमन गांधीजींकडं सेवाग्रामला गेले. गांधीजींनी मसुदा बारकाईनं पाहिला, अटी घातल्या. गावापासून सुरुवात करा. शिक्षणावर भर द्या. राजानं स्वतःच्या खर्चाला आवर घालावा आणि ठरावीक रकमेतच भागवावं. बाळासाहेबांनी तेही मान्य केलं. ज्याला चित्रांचा, मूर्तींचा, बांधकामाचा शौक आहे त्यानं स्वतःच्या खर्चाला कुलूप लावून घेणं म्हणजे काय, ते शौकीन माणसालाच कळेल.

१९३८ च्या नोव्हेंबरात घोषणा झाली. १९३९ च्या जानेवारीत स्वराज्याची घटना लागू झाली. गावकऱ्यांनी पाच पंच निवडायचे. गावची शाळा, रस्ता, पाणी, तंटे, सगळं पंचायतीनं बघायचं. गावांच्या पंचांमधून तालुक्याचा कारभार आणि त्यावर संस्थानची सभा. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. आज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला गुलाल उधळला जातो. औंध संस्थानातल्या गावांनी गावच्या कारभाराचा हा धडा तेव्हाच गिरवला होता.

सगळं काही गोडीगुलाबीनं झालं असं समजायचं कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या हुकूम ऐकायची सवय लागलेल्या गावांना स्वतः ठरवायला शिकायचं होतं. इंग्रज सरकारही अशा प्रयोगावर खूश असणं शक्य नव्हतं. पण बाळासाहेबांनी दिलेला शब्द मागं घेतला नाही.

याच दिवसांत आटपाडीजवळ एक उघडं कारागृह सुरू झालं. भिंती नाहीत, साखळदंड नाहीत. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं, आणि पळून जायचं नाही ते शब्दाखातर. त्या वस्तीचं नाव स्वतंत्रपूर. व्ही. शांतारामांचा १९५७ सालचा दो आँखे बारह हाथ हा गाजलेला चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा याच मातीतले.

१९४२ च्या आंदोलनात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. जी. डी. बापू लाडांचं कुंडल तर औंध संस्थानातलंच. इंग्रजांचे पोलीस मागं लागले की कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळायचा. राजानं डोळेझाक केली नसती तर हे जमलं नसतं.

डोंगराच्या निम्म्या वाटेवर

खर्चाला आवर घालायच्या त्याच वर्षी, १९३८ मध्ये, डोंगरावर संग्रहालयाची इमारत उभी राहिली. आयुष्यभर जमवलेलं सगळं बाळासाहेबांनी तिथं मांडलं. वाड्यात ठेवलं असतं तर ते राजाचं राहिलं असतं. देवीच्या वाटेवर ठेवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही बघता येईल. दर्शनाला निघालेली शेतकरीण उन्हातून चढताना दोन घटका आत टेकेल आणि रविवर्म्याची सैरंध्री बघेल, अशी ती जागा.

आत हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प आहे. पाश्चात्त्य शिल्पांच्या नकला आहेत. सहा ऋतूंच्या मूर्ती आहेत. जुनी लघुचित्रं आहेत, लाकडावरची, हस्तिदंतातली कोरीव कामं आहेत. आणि बाळासाहेबांनी स्वतः रंगवलेली चित्रंही आहेत, मोठ्या कलाकारांच्या शेजारी बसून.

शेवटची वर्षं

१९४८ साल औंधला जड गेलं. गांधीजींच्या हत्येनंतर या भागात जी जाळपोळ उसळली, तिची झळ पुष्कळ घरांना बसली. सातवळेकर पंडितांनी ऐंशीच्या घरात असताना औंध सोडलं आणि गुजरातेत पारडीला जाऊन पुन्हा काम मांडलं. त्याच वर्षी ८ मार्चला औंध संस्थान भारतात विलीन झालं. अनेक राजांचा तो दिवस रडण्यात गेला असेल. बाळासाहेबांनी मात्र देण्यासारखं होतं ते नऊ वर्षांआधीच देऊन टाकलं होतं. पंचायतींचा तो प्रयोगही विलीनीकरणात संपला, याची रुखरुख मात्र जुन्या माणसांना राहिली.

१३ एप्रिल १९५१ रोजी मुंबईत बाळासाहेब गेले. वय ब्याऐंशी. आप्पासाहेब पुढं भारताचे राजदूत म्हणून आफ्रिकेत, इंडोनेशियात, नॉर्वेत, लंडनमध्ये राहिले. जगभर हिंडले, पण औंधची ओळख सांगायला विसरले नाहीत.

आज औंध म्हणजे खटाव तालुक्यातलं एक गाव. बाजार भरतो, एसटी येते, यात्रेला गर्दी होते. राजाचं राज्य नकाशावर शोधून सापडत नाही. पण किर्लोस्करवाडीला गाडी थांबते. स्वतंत्रपूर अजून आहे. शाळेत पोरं नमस्कार घालतात. आणि यमाईच्या डोंगरावर, निम्म्या वाटेत, त्या इमारतीचं दार उघडं असतं. पुढच्या वेळी देवीला जाल तेव्हा पोरांना घेऊन थोडा वेळ तिथं थांबा. जमवणाऱ्यानं ते तुमच्या वाटेवर मुद्दाम ठेवलंय.